रुमालाची गाठ

बातमी मला एसटीत कळली. पौडच्या स्टँडवर गाडी उभी होती आणि मी नेहमीप्रमाणे दाराजवळची जागा धरून बसले होते. दाराजवळचीच का, ते पुढे येईलच. कंडक्टर तिकिटं फाडत फाडत माझ्यापाशी आला आणि गाडीला आज उशीर आहे असं सांगावं तशा आवाजात म्हणाला, "मास्तरीणबाई, तुमच्या त्या मुताच्या डाक्टरीणबाई गेल्या म्हनं. पुन्यात. हार्टफेल." मागच्या बाकावरचे दोन बाप्ये फिस्कन हसले. ते नावाला हसले, मरणाला नाही, हे आता समजतं. तेव्हा मात्र मागे वळून त्यांच्या कानफटात द्यावीशी वाटली. मी तिकीट घेतलं, पदराच्या टोकाला बांधलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. मनात पहिला विचार आला तो सांगून टाकते : आता माझं काय होणार? रडू पिरंगुट मागे पडल्यावर आलं. आधी आली ती भीती, आणि ती छातीत नाही आली, ओटीपोटात आली... तिची जागा तीच आहे.

डॉक्टर कुमुदताईंना जाऊन आता काही आठवडे झाले. पुण्याच्या एका वर्तमानपत्रात चार ओळी छापून आल्या. त्यात त्यांना 'स्त्रीरोगांच्या अनुभवी चिकित्सक' म्हटलं होतं. वाचून माझं डोकंच फिरलं. ज्या दुखण्याच्या मागे या बाईंनी आपली उमेदीची वर्षं घातली, त्याचं नाव छापायला माणसांना लाज वाटते. लघवीच्या पिशवीचं दुखणं, एवढंच त्याचं नाव. मी मुलांना शरीरशास्त्राचा धडा शिकवते. हृदय, फुप्फुस, जठर यांची चित्रं मोठी मोठी, आणि ही बिचारी पिशवी कोपऱ्यात, एका रेघेत उरकलेली. संपादकांनी कात्री लावली नाही, तर हा लेख वाचकांना जसाच्या तसा वाचायला मिळेल. लावली तर समजा, की कुमुदताई म्हणायच्या तेच खरं. त्या म्हणायच्या, "अहो, लोकांना या दुखण्यानं मेलेलं चालतं, बोललेलं चालत नाही." गावात आपल्याला काय म्हणतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "बरंय की," म्हणायच्या, "हृदयाचे डॉक्टर पैशाला पासरी आहेत. मुताची मी एकटीच."

स्वातंत्र्य मिळून आठ-दहा वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. मुळशीच्या तलावाकाठी एका गावात आम्ही नवरा-बायको दोघंही एकाच शाळेवर होतो. तिथं गेल्यावर वर्षभरात माझं दुखणं सुरू झालं. पिशवी भरू लागली की दुखायचं, रिकामी झाली की घटकाभर बरं वाटायचं, आणि पुन्हा चार थेंब साचले की जखमेवर मीठ चोळल्यासारखी आग. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता माझ्या बोटांतला खडू मोडायचा. आणि जायचं कुठं? बाईमाणसानं पहाटे अंधारात जायचं, नाहीतर दिवेलागणीनंतर, ही गावची रीत. मधला सगळा दिवस गिळून टाकायचा. म्हणून बायका पाणीच पीत नसत. भाताच्या आवणीच्या दिवसांत दिवसभर गुडघाभर चिखलात वाकलेल्या असायच्या आणि घोटभर पाण्याला शिवायच्या नाहीत. मीही त्यांचं बघून तेच करू लागले. कमी पाण्यानं आग वाढते, कमी होत नाही, हे सांगणारं कोणी नव्हतं. पुण्याला जायचं म्हटलं की मला आदल्या दिवसापासून धडकी भरायची. गाडी मध्ये थांबेल का, थांबवली तर कंडक्टर मोठ्यानं विचारेल का, आणि मी नाही दम धरू शकले तर... शाळेतली बाई, भरल्या गाडीत...

डॉक्टर पुष्कळ केले. पहिल्यानं सब्जाचं पाणी प्यायला सांगितलं. दुसऱ्यानं मला बाहेर बसवून ह्यांना असे काही प्रश्न विचारले, की परतीच्या वाटेवर सबंध प्रवासात माझा नवरा मान वर करेना. तिसरा म्हणाला, मनाचं आहे, मूल झालं की थांबेल. चौथे मोठे सर्जन. त्यांनी निदान केलं, की हा क्षयच, पिशवीत लपून बसलाय. महिनोन्महिने इंजेक्शनं झाली. कानात घंटा वाजू लागल्या, दुखणं तिथल्या तिथंच. मग एके दिवशी त्यांनी ह्यांच्याकडे बघून, माझ्याकडे नाही, सांगितलं : पिशवी आक्रसली आहे. असंच राहिलं तर मूत्रपिंडं जातील. पिशवी काढून टाकू आणि वरच्या नळ्या आतड्याला जोडून देऊ. लघवी शौचाच्या वाटेनं होईल. "सवय होते," ते म्हणाले. दिवाळी झाली की या.

सवय होते... ते दोन शब्द मी घरी घेऊन आले. भाकरी थापताना ते आठवायचे, हजेरी घेताना आठवायचे. त्या ऑपरेशनानं माणसं किती जगतात हे विचारायचं धैर्य आम्हा दोघांनाही झालं नाही. ह्यांनी एकदा विचारायला तोंड उघडलं होतं, आणि सर्जनच्या चेहऱ्याकडे बघून मिटलं.

त्या दिवशी सर्जनच्या मागे एक उंच, काळीसावळी बाई उभी होती. पांढरं पातळ, केसांचा घट्ट अंबाडा, कपाळ कोरं. ती एक अक्षर बोलली नाही. आम्ही जिना उतरत होतो तर मागून धाडधाड पावलं वाजली. "थांबा. लघवी झाल्यावर दुखणं वाढतं की कमी होतं?" नाव नाही, गाव नाही, थेट हाच प्रश्न. तोवर मला हे कोणीही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "कमी होतं. थोडा वेळ." "कधी पू दिसला? रक्त?" "नाही." त्या कठड्याला टेकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या गावात आणखी कोणाला असं होतं?" मी म्हटलं, "असेलही. पण विचारणार कोण?" "मी विचारते," त्या म्हणाल्या.

अशा आल्या कुमुदताई. त्या सर्जनच्याच हाताखाली काम करायच्या, आणि त्यांच्या मनात एक शंका घर करून होती. लघवी स्वच्छ, क्षयाचं नाव नाही, तरी पिशवी दुखतेच, असं एक निराळं दुखणं आहे, परदेशी डॉक्टरांनी ते पाहिलंय, आणि आपल्याकडेही ते आहे. फक्त कोणी मोजत नाही, कारण बायका सांगत नाहीत. सर्जन म्हणायचे, असलं दुखणं आपल्या देशात नाही. कुमुदताई म्हणायच्या, एकाच खोऱ्यातल्या बायका वर्षानुवर्षं असं दुखणं काढून जिवंत असतील, तर तो क्षय कसा? क्षयानं एव्हाना नेल्या असत्या. त्या बायका शोधून दाखवल्या, तर माझी पिशवी वाचण्याची आशा होती. त्यांचा अभ्यास आणि माझी भीती अशा एकाच दोरीला बांधल्या गेल्या.

सुट्टीच्या दिवशी त्या एसटीनं यायच्या. एका हातात लाकडी पेटीतला पितळी सूक्ष्मदर्शक, दुसऱ्या हातात फिरकीचा तांब्या. आल्या आल्या रामराम नाही, नमस्कार नाही. "प्यायलात का पाणी?" हाच नमस्कार. रागीट तर इतक्या, की आमच्या मुख्याध्यापकांना त्यांनी मुलांदेखत झापलं होतं, शाळेला मुतारी का नाही म्हणून. असल्या बाईला कशाचं भय असेल असं मला वाटलं नव्हतं. पण काही वाड्या तलावाच्या पलीकडे, होडीनं जावं लागायचं. कुमुदताईंना पाण्याची विलक्षण भीती. त्या होडीच्या अगदी तळाशी बसायच्या, पेटी मांडीवर घट्ट धरायच्या, डोळे मिटायच्या आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटायच्या. मला वाटलं, स्तोत्र म्हणतात. कान देऊन ऐकलं तर पावकी! पाव, अर्धा, पाऊण, एक, सव्वा, दीड... लहानपणी वडिलांनी घोकून घेतलेला पाव-पटीचा पाढा. "देवाचं नाव घेतलं की बुडायचीच आठवण होते," म्हणाल्या. "पावकीत बुडणं नसतं." पावकी संपली की निमकी. वाऱ्यानं लाटा उठल्या तर त्याहून अवघड पाऊणकी. काठाला लागलो की डोळे उघडायच्या आणि नावाड्यावर ओरडायच्या, होडी एवढी का हलवली म्हणून.

बायकांचा विश्वास बसायला श्रावण उजाडला. मी ओट्याओट्यावर जाऊन सांगितलं तेव्हा कुठं एकेक जण कबूल झाली, "व्हय बाई, जळतंय. लई वरसं झाली." ताईंनी बुचाच्या छोट्या बाटल्या वाटल्या. सकाळची लघवी भरून द्यायची, बाटल्या पेटीतून एसटीनं थेट पुण्याच्या प्रयोगशाळेत. बायकांनी बाटल्या अगदी वेळेवर भरून दिल्या, काठोकाठ. ताई खूश झाल्या. एवढ्या जणींची लघवी स्वच्छ निघाली, की तो पुरावा सर्जनपुढे ठेवायचा आणि माझं ऑपरेशन थांबवायचं, असं ठरलं.

मग एका दुपारी त्या न कळवता आल्या. शाळा सुटत होती. ओट्यावर बसल्या, तांब्याची फिरकी उघडली, पाणी प्यायल्या नाहीत. "गोमूत्र," म्हणाल्या. मला काही उमगेना. "तुमची बाटली सोडून बहुतेक सगळ्या बाटल्यांत गोमूत्र आहे. आम्लाचा थेंब टाकला की फसफसून वर येतंय." प्रयोगशाळेतली माणसं हसून बेजार झाली होती. सर्जननी सगळ्यांसमोर विचारलं होतं, डॉक्टरीणबाई, तुमच्या पेशंटना चारा कोणता घालता? आणि मग हसू आवरून म्हणाले होते, की त्या गावातल्या पुराव्याचं नाव पुन्हा माझ्यापुढं काढायचं नाही. मास्तरणीचं ऑपरेशन ठरल्याप्रमाणे होईल. ताई सांगत होत्या आणि मी दिवस मोजत होते. भातं निसवली होती. कापणी झाली की दिवाळी, आणि दिवाळी झाली की...

गावातल्या बायका धोंडाबाईच्या तोंडाकडे बघून चालायच्या. पोक्त, हडकलेली, तोंडानं फटकळ म्हातारी. तिलाही हेच दुखणं, आणि तिची बाटली सगळ्यांत आधी आली होती. आम्ही दोघी तडक तिच्या अंगणात गेलो. ताई ओरडणार म्हणून मी जीव मुठीत धरून उभी. पण धोंडाबाईच आधी बोलली. "गाईचं दिलं, व्हय. गाईचं पवित्र आसतंय. त्येनं कुनाचं वाईट व्हत न्हाई." ताई म्हणाल्या, "पण मला तुमचं हवं होतं." धोंडाबाई खाली बसली. तिच्या आवाजातला ताठा गेला. "डाक्टरीणबाई, आंगातलं पानी परक्याच्या हाती दिलं की आपला जीव त्येच्या हाती. कुनी त्येच्यावर काय करील, कुटं नेऊन ठिवील, आमाला काय ठावं? माज्या धाकल्या भनीचं न्हाणीतलं केस नेलं कुनीतरी. म्हैन्याभरात वाळून मेली. म्या ह्या डोळ्यांनी बघितलंय." तिचे डोळे खरोखर विस्फारले होते. आजूबाजूच्या बायका दारांच्या आडून ऐकत होत्या, आणि त्या सगळ्यांच्या तोंडावर तेच भय होतं, जे मी सर्जनच्या खोलीतून घरी आणलं होतं. आपल्या अंगातलं काहीतरी कोणीतरी काढून नेणार, आणि मग आपलं काय होणार हे आपल्याला कोणी सांगणार नाही.

मला वाटलं, आता ताई विज्ञान सांगतील. करणी-बिरणी काही नसतं म्हणतील. मी शिक्षिका आहे, मी तेच म्हटलं असतं. ताईंनी अंबाडा सोडला. गावानं त्यांचे मोकळे केस कधी बघितले नव्हते. खालपर्यंत आले, पिकायला लागलेले. त्यांनी बोटं फिरवून सुटलेले केस काढले, त्यांचं एक वेटोळं केलं, कमरेचा रुमाल काढला, त्याच्या कोपऱ्यात ते बांधलं आणि गच्च गाठ मारली. "हे घ्या," म्हणाल्या. "तुमचं पाणी माझ्या हाती, माझे केस तुमच्या हाती. मी तुमचं वाईट केलं, तर तुम्ही माझं करा. आणि तुमचं पाणी मी कुठंही नेणार नाही. इथंच, तुमच्या डोळ्यांसमोर तपासीन आणि उरलेलं तुमच्याच जमिनीत ओतीन." धोंडाबाईनं रुमालाला हात लावायला वेळ घेतला. मग दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि घरात जाऊन आढ्याच्या वाशाला बांधला. परत येताना बांधावर ताई मध्येच थांबल्या. म्हणाल्या, "माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही हो. पण देताना भीती वाटली." आणि पावकी म्हणत चालू लागल्या. होडी नव्हती, पाणी नव्हतं, सुकी वाट होती.

त्यानंतरचा प्रत्येक रविवार मला लख्ख आठवतो. अंगणात उन्हाला पाट मांडायचा, त्यावर सूक्ष्मदर्शक. खालच्या आरशात ऊन पकडायचं. काचेच्या नळीत थोडी लघवी घालून ती स्पिरिटच्या दिव्यावर उकळायची, काचेच्या पट्टीवर थेंब ठेवून बघायचा. बघून झालं की त्या बाईलाच डोळा लावायला लावायचा, "बघा, काही नाही ना? पू नाही." मग नळी तिच्याच हातात द्यायची. तिनं ती आपल्या परसात ओतायची आणि आपल्याच घागरीतल्या पाण्यानं धुऊन परत करायची. कापणीचे दिवस, तरी बायका विळे कमरेला खोचून यायच्या. धोंडाबाई आपली नळी दुधी भोपळ्याच्या वेलाशी ओतायची आणि ताईंवर नजर ठेवून असायची, एखादा थेंब मागे राहतो का ते. एक-दोघींच्या लघवीत पू निघाला, एकीला साखर निघाली, त्यांना वेगळी औषधं दिली. बाकीच्यांची स्वच्छ. स्वच्छ, आणि तरीही जळणारी.

दिवाळीआधी ताईंनी सर्जनला गाठलं. काय बोलणं झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण परत आल्या तेव्हा आवाज बसला होता. इतकंच ठरलं होतं, की सुरी लावण्याआधी मला गुंगी देऊन नळीतून पिशवीच्या आत एकदा बघायचं. ताईंनी बघायचं, सर्जन शेजारी उभे राहणार. ताई म्हणतात तसं काही दिसलं नाही, तर त्याच टेबलावर पुढचं ऑपरेशन. म्हणजे मी झोपी जाणार आणि उठेन तेव्हा माझी पिशवी असेल किंवा नसेल. ह्यांनी सही केली. नाव वाकडंतिकडं आलं.

त्या सकाळी टेबलावर पडले तेव्हा मला छतावरची एक भेग दिसत होती आणि ईथरचा वास येत होता. मी म्हटलं, "ताई, मी बरी होईन का?" सगळे डॉक्टर या प्रश्नाला हो म्हणतात. त्या म्हणाल्या, "माहीत नाही." मला रडू फुटलं. तोंडावर ईथर शिंपडलेली जाळी येत होती, आणि तेवढ्यात माझ्या कानावर पुटपुट आली. पाव, अर्धा, पाऊण, एक... मी म्हटलं, "ताई, तुम्ही पावकी म्हणताय." "गप्प पडा," त्या म्हणाल्या. "म्हणा माझ्याबरोबर." सव्वा... दीड... पावणेदोनला मी बुडाले.

जागी झाले तेव्हा पहिला हात ओटीपोटावर गेला. टाके नव्हते. ताई खुर्चीत बसल्या होत्या, अंबाडा सुटलेला, डोळे लाल. पिशवीत पाणी भरून ती ताणली, तेव्हा आतल्या आवरणावर ठिकठिकाणी बारीक रक्ताचे ठिपके फुटून आले होते, अगदी पुस्तकात लिहिलं आहे तसे. क्षयाच्या खुणा कुठंही नव्हत्या. सर्जननी स्वतः डोळा लावून बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि हातमोजे काढले. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. पुढे त्यांनीच तसल्या बायका ताईंकडे पाठवायला सुरुवात केली. आणि ताणल्यामुळे असेल, त्या दिवसापासून माझं दुखणं कित्येक महिने निम्म्यावर आलं. मग परत आलं. मग ताईंनी चांदीच्या क्षाराचं औषध पिशवीत घालून बघितलं, त्यानं अशी आग झाली की मी त्यांना तोंडाला येईल ते बोलले. त्या ऐकून घेत होत्या. पण पिशवी राहिली. अजून आहे. दुखते, पण माझी आहे.

पुढची सगळी वर्षं त्या कारण शोधत होत्या. कधी म्हणायच्या चहा, कधी तिखट, कधी चिंच. आम्हा सगळ्यांना चहा सोडायला लावला. काहींना फरक पडला, काहींना फक्त राग आला. मग म्हणाल्या, दिवसभर दाबून ठेवणं हेच मूळ असेल. शाळेमागे त्यांनी कारवीच्या काठ्यांच्या कुडाचा एक आडोसा उभा करवला, बायकांना दिवसाउजेडी जाता यावं म्हणून. पहिले काही महिने त्यात कोणी पाऊल टाकलं नाही. मग धोंडाबाई भर दुपारी सगळ्यांदेखत आत गेली आणि पदर सावरत बाहेर आली, आणि रीत मोडली. पाणी प्यायला लागल्यावर बऱ्याच जणींची आग कमी झाली, पण दुखणं समूळ कोणाचंच गेलं नाही. ताईंनी ते कबूल केलं. "कारण हे नव्हे," म्हणाल्या. "पण आडोसा राहू द्या."

शेवटची भेट आमच्या घरी. थकल्या होत्या, बोटं सुजली होती. ओट्यावर बसून तलावाकडे बघत होत्या, दुरून. म्हणाल्या, "काहीच सापडलं नाही गं. हयात गेली, आणि का दुखतं ते सांगता येत नाही." त्या मला पहिल्यांदाच 'गं' म्हणाल्या होत्या. मी विचारलं, "ताई, माझं पुन्हा वाढलं, तुम्ही नसलात, आणि ते परत म्हणाले पिशवी काढू... तर?" त्या म्हणाल्या, "तर त्यांना विचारायचं, लघवी झाल्यावर दुखणं कमी होतं का, हे तुम्ही मला विचारलंत का? आणि भीती वाटली तर वाटू द्यायची. मला कुठं वाटत नाही?" मग फिरकी घट्ट केली, तांब्या उचलला आणि गाडीला गेल्या.

त्या गेल्याची बातमी गावात पोचली त्याच आठवड्यात धोंडाबाई माझ्या दारात आली. आता तिला नीट दिसत नाही, भिंत धरत आली. अंगाला कापरं. पदराखालून तिनं तो रुमाल काढला, धुरानं काळा-पिवळा पडलेला. "मास्तरीणबाई, म्या काय बी केलं न्हाई. देवाशपत. वाशाला व्हता, त्याला कुनाचा हात लागू दिला न्हाई. बाया कुजबुजत्यात, धोंडीकडं केस व्हतं म्हनून डाक्टरीणबाई गेली. गाठ बगा, गाठ तशीच हाय." मी तिला सांगितलं, हृदय बंद पडलं, वय झालं होतं, केसांचा काही संबंध नाही. सांगितलं, आणि खरं तेच लिहिते, सांगता सांगता मीही एकदा रुमाल हातात घेऊन गाठीकडे निरखून पाहिलं. ती तशीच होती. ताईंच्या हातची, गच्च, उलटी आवळलेली.

धोंडाबाई म्हणाली, "बाईनं आमचं थेंबभर बी ठिवून घेतलं न्हाई. ज्येचं त्येला दिलं. आता हे कुनाला द्यायाचं? मानूस ऱ्हायलं न्हाई. चला, तळ्यात सोडू." मी एकदम रुमाल मागे घेतला. म्हटलं, "पाण्यात नको. त्यांना पाण्याची फार भीती वाटायची." धोंडाबाई माझ्याकडे बघत राहिली, दिसत नव्हतं तरी बघत राहिली. मग तिचं कापरं थांबलं. माझा हात चाचपडत तिनं शोधला आणि रुमालासकट मिटला. "मंग ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी," म्हणाली. "तुमी बी भित्र्या, त्या बी भित्र्या. दोगी संगं ऱ्हावा."

रुमाल दाराशेजारच्या खुंटीवर आहे. खाली माझा पाण्याचा तांब्या असतो, दिवेलागणीच्या आत तो संपवायचा हा ताईंचा दंडक अजून चालू आहे. शाळेमागच्या आडोशाचा कूड गावातल्या बायका दर वर्षी नवा बांधतात, यंदाही बांधला. माझं दुखणं मध्यंतरी वाढलं आहे, आणि मला भीती वाटते, उगाच नाही कशाला म्हणू? आग उठली की मी भिंतीला टेकून खुंटीकडे बघते आणि पावकी म्हणते. पावकी संपली की निमकी. पाऊणकीपर्यंत जायची वेळ अजून आलेली नाही.